मनगट वाकलं की मूठ मिटते

वाचता वाचता एक गंमत करून बघा. कोपर टेबलावर टेकवा, हात सरळ उभा धरा आणि पंजा अगदी सैल सोडा. मनगट तळव्याच्या बाजूला पडू द्या. बोटं आपोआप उघडतील. आता बोटांना काही करायला न लावता फक्त मनगट मागे न्या. बोटं आपणहून आत वळतील, अंगठा तर्जनीकडे सरकेल आणि पेन्सिल धरता येईल एवढी सैलसर मूठ तयार होईल. ती मिटली मनगटानं. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू पंजात नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. त्यांचे लांब रज्जू मनगटावरून पार बोटांच्या टोकांपर्यंत जातात. मनगट मागे गेलं की हे रज्जू ताणले जातात आणि बोटं ओढली जातात.

मानेच्या मणक्याला इजा होऊन बोटांची ताकद गेली, पण मनगट मागे वळवण्याची तेवढी शाबूत राहिली, अशी बरीच माणसं असतात. ती याच ओढीवर चमचा उचलतात, टूथब्रश धरतात. त्यांचे फिजिओथेरपिस्ट बोटांचे हे रज्जू मुद्दाम जास्त ताणू देत नाहीत. ते थोडे आखूडच राहिलेले बरे, कारण सैल पडले तर ओढ जाते आणि ओढ गेली की पकड गेली. एरवी आखडलेली बोटं म्हटलं की आपण मालिश करून ती सोडवायला धावतो. इथे आखडलेपण हेच भांडवल आहे.

शिल्लक असलेली एक हालचाल शोधायची आणि तिच्यावर सगळा डोलारा उभा करायचा, हे ज्यांना जमलं त्यांत डॉक्टरांइतकेच सुतार, टेलिफोन इंजिनिअर आणि निवृत्त फिटर आहेत. बरेचसे फुकट काम करणारे.

आयव्हन ओवेन हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला कलाकार. नाटकी सामान, बाहुल्या, विचित्र पोशाख हे त्याचं क्षेत्र. २०११ साली एका वेशभूषेच्या मेळाव्यासाठी त्यानं एक अचाट यांत्रिक पंजा बनवला. आपली बोटं हलवली की पुढची लांबलचक धातूची बोटं हलायची. त्याचा व्हिडिओ त्यानं यूट्यूबवर टाकला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ रिचर्ड व्हॅन अॅस नावाच्या सुताराचा हात करवतीत सापडला आणि बोटं गेली. विकतच्या कृत्रिम बोटांच्या किमती ऐकून तो थक्क झाला आणि सुतारच असल्यामुळे ‘आपणच करू’ या निष्कर्षाला आला. शोधता शोधता त्याला ओवेनचा व्हिडिओ सापडला. मेळाव्यात मिरवायला केलेल्या खेळण्यात त्याला आपली बोटं दिसली, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत मोठं नवल वाटतं.

दोघं इंटरनेटवरून बोलत, चित्रं पाठवत, बिघडवत, सुधारत राहिले. २०१२ च्या अखेरीस ओवेन जोहान्सबर्गला गेला. दरम्यान एका आईनं आपल्या पाच वर्षांच्या मुलासाठी त्यांच्याकडे विचारणा केली होती. मुलाच्या एका हाताला जन्मापासून बोटं नव्हती. गर्भात असताना गर्भवेष्टनाचे सुटलेले धागे बोटांभोवती आवळले जातात आणि पुढची वाढ थांबते, त्यातला हा प्रकार. तळव्याचा भाग होता, मनगट उत्तम चालत होतं.

जुने दाखले चाळताना या जोडीला एक रत्न मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड शहरात १८४५ साली रॉबर्ट नॉर्मन नावाच्या दंतवैद्यानं जॉन कोल्स या कॉर्पोरलसाठी हात बनवला होता. तोफेच्या अपघातात कोल्सची बोटं गेली होती. नॉर्मननं देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या घेतल्या, छोट्या कप्प्या बसवल्या आणि आतड्यापासून करतात ती तात त्यांतून ओवली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, दात काढणाऱ्या माणसानं! कल्पना तीच: दोरी एका टोकाला हाताशी बांधलेली, दुसऱ्या टोकाला बोटांशी, आणि ओढ सांध्याची.

मुलासाठीचा पहिला हात धातू आणि इतर सुट्या भागांचा होता. पण पाच वर्षांचं मूल सहा वर्षांचं होतं. दर वाढीला नव्यानं कापाकापी करायची तर सुताराचा धंदा बसेल. ओवेननं थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या मेकरबॉट कंपनीला पत्र लिहिलं आणि कंपनीनं दोघांना एकेक प्रिंटर देऊन टाकला. त्यानंतर कामाचा वेग पार बदलला. वॉशिंग्टन राज्यात बोटाचं पेर दोन मिलिमीटरनं बारीक केलं की फाइल जोहान्सबर्गला पोचायची आणि तिथला प्रिंटर ते पेर त्याच दिवशी टेबलावर ठेवायचा. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी ही फाइल कुणालाही उतरवून घेता येईल अशी खुली केली. पेटंट घेतलं नाही.

आता तो हात जवळून पाहू. तीन भाग असतात: कोपरापासून मनगटापर्यंत बसणारी पन्हळी, तळव्यावर चढवायचं कवच आणि पाच बोटं. दर बोटाला दोन पेरं, मध्ये खिळीची बिजागरी. पन्हळी सपाट छापतात आणि मग गरम पाण्यात बुडवून हाताच्या आकारात वळवतात, कारण हे पीएलए नावाचं प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. (याच कारणानं असा हात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विसरला की संध्याकाळी त्याची बोटं लोंबकळलेली सापडतात.) बोटांच्या पाठीवरून इलॅस्टिक जातं, ते बोटं सरळ ठेवतं. न ताणणारा मासेमारीचा दोरा प्रत्येक बोटाच्या तळव्याकडच्या अंगानं निघतो, कवचातल्या नळीतून वर येतो, मनगटाच्या पाठीवरून जातो आणि पन्हळीवरच्या एका ठोकळ्यात अडकतो. मनगट खाली वाकलं की पाठीवरचा रस्ता लांबतो. दोरा तर लांबत नाही. मग द्यायचं कुणी? बोटांनी. ती मिटतात. मनगट सरळ केलं की इलॅस्टिक त्यांना पुन्हा उघडतं.

म्हणजे सुरुवातीला आपण टेबलावर केलं त्याच्या बरोबर उलट. आपल्या शरीरात मनगट मागे गेल्यावर मूठ मिटते, या प्लॅस्टिकच्या हातात पुढे वाकल्यावर. शरीराचे दोर आतून तळव्याच्या बाजूनं जातात, याचे वरून पाठीमागून. वापरणाऱ्याला हे नव्यानं शिकावं लागतं आणि मुलं ते भराभर शिकतात.

पन्हळीवरच्या त्या ठोकळ्यात प्रत्येक दोऱ्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. तो पिळून एकेका बोटाची ओढ कमीजास्त करायची, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून तारा जुळवाव्यात तशी. पाचही दोरे सारखे ताणले तर पाचही बोटं एकदम मिटतात आणि गोल बाटलीवर त्यांतली दोनच टेकतात. म्हणून करंगळीला थोडी ढील, अंगठ्याला आधी ओढ, असं वस्तू हातात देऊन देऊन जुळवतात. तरी गुळगुळीत प्लॅस्टिकवरून पेला घसरतोच. त्यावर कुणीतरी काढलेला उपाय मला फार आवडतो: बँकेत नोटा मोजताना बोटात घालतात ती रबरी टोपी. पाच टोप्या चढवल्या की पकड बसते.

या हाताच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली लोक लिहायला लागले: माझ्याकडे प्रिंटर आहे, कुणाला हवा असेल तर छापून देतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले जॉन शुल यांनी २०१३ साली ते वाचलं आणि तिथेच एक नकाशा जोडला. प्रिंटर असलेल्यानं आपल्या गावावर खूण करावी, हात हवा असलेल्यानं आपल्या. बस्स एवढंच. त्यातून ‘ई-नेबल’ नावाचा जगभर पसरलेला समूह उभा राहिला. शाळा, ग्रंथालयं, निवृत्त इंजिनिअर, स्काउटची मुलं. एका हाताला लागणारं सामान पन्नास डॉलरच्या आसपास येतं, आणि ज्याच्यासाठी करायचं त्याच्याकडून तेही घेत नाहीत.

माप घ्यायलाही भेट लागत नाही. हाताशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, त्यावरून तळव्याची रुंदी मोजायची आणि फाइल तेवढ्या टक्क्यांनी मोठी करायची. ऐकायला सोपं वाटतं आणि इथेच सुरुवातीला सगळे अडकले. फाइल एकशे तीस टक्के केली की बोटं मोठी होतात, तशी स्क्रूची भोकंही मोठी होतात. दुकानातला स्क्रू मात्र आहे तेवढाच राहतो. पुढच्या आराखड्यांत म्हणून सांध्यांचे स्क्रू जाऊन हाताबरोबरच छापल्या जाणाऱ्या, टक्कन बसणाऱ्या खिळ्या आल्या. हात मोठा झाला की खिळीही मोठी. मनगट नसलेल्यांसाठी ओढ कोपराकडून घेणारे आराखडेही लवकरच निघाले.

प्रिंटर यायच्या कितीतरी आधीपासून हे काम लेथवर आणि वेल्डिंगच्या नळ्यांवर चाललेलं आहे. इंग्लंडमध्ये पॅट जॉन्सन हे आयसीआय या रसायन कंपनीतले इंजिनिअर. त्यांच्या बहिणीला पोलिओ झाला होता. तिला उचलून खुर्चीत, पलंगावर ठेवण्यासाठी त्यांनी घरच्या घरी एक यारी बनवली. मग सहकाऱ्यांनाही अशीच कामं सांगायला सुरुवात केली आणि १९६४ साली ‘रीमॅप’ ही संस्था निघाली. ती आजही चालू आहे. गावोगाव गट, गटात बहुतेक निवृत्त मंडळी: कुणी विमानांचे सांगाडे जोडलेला, कुणी रेल्वेत आयुष्य काढलेला. सोबत ऑक्युपेशनल थेरपिस्ट. वर्षाला काही हजार वस्तू हे लोक बनवतात आणि वापरणाऱ्याला देतात, पैसे न घेता. ऑस्ट्रेलियात सिडनीला जॉर्ज विन्स्टन या इंजिनिअरनं १९७५ साली असंच काम सुरू केलं.

नियम साधा: बाजारात मिळत असेल तर आम्ही करणार नाही. म्हणजे यांच्याकडे येतं ते बाजारानं सोडून दिलेलं. ज्याचं गिऱ्हाईक जगात एकच आहे अशी वस्तू कोणता कारखाना काढेल? साचा करायचा खर्चही निघायचा नाही.

नेहमी येणारी एक मागणी घ्या. व्हीलचेअरवरची आई, तान्हं बाळ आणि बाबागाडी. हातानं चालवायच्या व्हीलचेअरला दोन्ही हात दोन्ही चाकांवर लागतात. एक हात बाबागाडीला दिला की खुर्ची गोल फिरते. म्हणून बाळाची गादी खुर्चीलाच जोडायला हवी. जोडा की, त्यात काय? पण बाळाचं वजन पुढे आलं की ते खुर्चीच्या पुढच्या छोट्या गरगरणाऱ्या चाकांवर पडतं. खुर्ची जड चालते, वळताना अडते आणि उतारावर पुढे कलायला बघते. म्हणजे गादीला स्वतःची चाकं हवीत. चाकं दिली आणि जोड घट्ट केला, तर फुटपाथच्या उंचवट्यावर गादीची चाकं वर चढतात आणि खुर्चीची पुढची चाकं अधांतरी राहतात. म्हणजे जोडाला वरखाली हलणारी बिजागरी हवी, पण आडवी ढिली नको. हा जोड आईला बसल्या जागेवरून एका हातानं काढता आला पाहिजे आणि चुकून कधीही सुटता कामा नये, या दोन अटी तर एकमेकींच्या वैरिणी आहेत. शिवाय दारातून गेलं पाहिजे. बाळाचे पाय चाकात जाता कामा नयेत. आणि हे सगळं तयार होईतो बाळानं रांगायला सुरुवात केलेली असते!

पूल बांधणाऱ्याला एकदा वजन कळलं की ते गणितात धरता येतं. इथे वजन रडतं, पाय झाडतं आणि दर महिन्याला वाढतं. म्हणून या कामातला मोठा भाग बघत बसण्याचा असतो. ती दार कसं उघडते? कोणता हात लवकर दमतो? बाळाला उचलताना कुठे अडखळते? हातोडीला हात नंतर लागतो.

असंच बघण्यातून निघालेली एक वस्तू १९६० सालची. इंग्लंडमधलं स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटल मणक्याच्या इजा झालेल्यांसाठी प्रसिद्ध. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली तिथल्या आवारात व्हीलचेअरवरच्या रुग्णांच्या स्पर्धा घेतल्या आणि त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक्स आलं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं ते याच परंपरेत. तर या हॉस्पिटलात रेग मेलिंग नावाचे गृहस्थ स्वयंसेवक म्हणून रुग्णांना भेटायला जात. मानेखाली काहीच हलत नाही अशा रुग्णांजवळ मदतीला हाक मारायला एक शिट्टी दिलेली असायची. बाकी काही नाही. मेलिंगना त्या शिट्टीत विजेची कळ दिसली. जो शिट्टी वाजवतो त्याला फुंकता येतं, आणि फुंकता येतं त्याला ओढूनही घेता येतं. म्हणजे झाल्या दोन खुणा.

दोन खुणांत काय होतं? सगळं होतं. चौसष्ट घरांचा एक तक्ता घ्या, आठ ओळी आणि आठ रकाने. ओळींवरून एक दिवा सरकत जातो, हवी ती ओळ आली की फुंकायचं. मग त्या ओळीत दिवा घरांवरून सरकतो, हवं ते घर आलं की ओढायचं. जास्तीत जास्त सोळा पावलांत चौसष्टांपैकी कुठलंही घर गाठता येतं. मुळाक्षरं, अंक, दिवा लावा, फोन उचला, दार उघडा. नळीतल्या हवेचा दाब जरासा बदलला की पातळ पडदा हलतो आणि विजेचा संपर्क जुळतो. मेलिंग यांच्या ‘पॉसम’ या यंत्रानं अशाच श्वासावर टाइपरायटर चालवून दाखवला. तोंडात शिट्टी धरून पडलेला माणूस पत्र लिहू लागला.

हालचालीच्या जागी इंद्रिय असलं तरी तर्क तोच. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ‘टेलिफोन पायोनिअर्स’ नावाची सेवाभावी संघटना होती. १९६४ साली कोलोरॅडोतले टेलिफोन इंजिनिअर चार्ली फेअरबँक्स यांनी सॉफ्टबॉलच्या पोटात बीप बीप वाजणारं यंत्र बसवलं आणि अंध खेळाडूंचा बेसबॉल सुरू झाला. सलग सूर न देता तुटक बीप का? आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांवर तो पोचण्यातल्या फरकावरून ओळखतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. आवाज सुरू होण्याचा क्षण जितका स्पष्ट, तितका तो फरक नीट पकडता येतो. तुटक आवाजाला सुरुवातच सुरुवात.

आपल्याकडच्या अंध क्रिकेटनं याहून स्वस्त वाट धरलेली आहे: प्लॅस्टिकचा चेंडू आणि आत खुळखुळणारे छर्रे. हा खेळ १९२२ मध्ये मेलबर्नच्या एका कारखान्यातल्या दोन अंध कामगारांनी डब्यात खडे घालून सुरू केला. छर्ऱ्यांना बॅटरी लागत नाही आणि त्यांचा खडखडाट एकाच सुरातला नसल्यानं दिशा छान कळते. अडचण एकच: चेंडू हवेत गेला की छर्रे गप्प होतात. मग खेळाचे नियमच चेंडूच्या सोयीनं केले. गोलंदाजी खालून हात फिरवून, आणि चेंडू निम्म्या खेळपट्टीच्या आत एकदा तरी टप्पा घेऊन सरपटत यायला हवा. फेअरबँक्सनी खेळासाठी चेंडू बदलला, इथे चेंडूसाठी खेळ बदलला. कुणी विचारलं तर मी दुसऱ्या बाजूला मत देईन.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकली जाते. प्लॅस्टिकचे ते रंगीबेरंगी हात बऱ्याच घरांत खणात पडून राहतात. त्यांची पकड हलकी असते, पाण्याची भरलेली बादली ते उचलत नाहीत. आणि जन्मापासून बोटं नसलेल्या मुलाला बोटांची उणीव आपल्याला वाटते तेवढी भासत नाही. ते बुटाची नाडी बांधतं, चेंडू झेलतं, आपल्या पद्धतीनं आणि झपाट्यानं. प्लॅस्टिकचं कवच चढवलं की उलट तळव्याचा स्पर्श जातो. असं मूल हात शाळेत मिरवतं, मित्रांना बोटं मिटून दाखवतं, आणि जेवताना काढून ठेवतं. मिरवणं ही काही लहान गोष्ट नाही. आदल्या दिवसापर्यंत त्या हाताकडे लोक चोरून बघत होते, आता उघड बघतात. पण हात म्हणून तो पुरत नाही, हे मान्य करायला हवं.

अनुभवी मंडळी म्हणून ‘हात हवा’ या मागणीवर लगेच प्रिंटर सुरू करत नाहीत. ती विचारतात: काय करायचंय? व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या बायोइंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांपुढे २०१७ साली या प्रश्नाचं नेमकं उत्तर आलं. दहा वर्षांच्या एका मुलीला व्हायोलिन वाजवायचं होतं. तिच्या डाव्या हाताला पंजा नव्हता. डाव्या हाताची बोटं तारांवर नाचतात आणि उजव्या हातात बो असतो, ही व्हायोलिनची रीत. तिच्या संगीतशिक्षकानं व्हायोलिनच उलटं करून दिलं: तारा उजव्या बोटांनी दाबायच्या, बो डावीकडून. आता डाव्या हाताला एकच काम उरलं, बो धरण्याचं.

पाच बोटांचा पंजा त्यासाठी निरुपयोगीच ठरला असता. बोची हालचाल मुख्यतः खांद्यातून आणि कोपरातून येते, आणि ते दोन्ही तिच्याकडे भक्कम होते. हवी होती हाताला घट्ट बसणारी पन्हळी आणि तिच्या टोकाला बो योग्य कोनात पकडणारी खोबण. विद्यार्थ्यांनी विद्यापीठातल्या संगीताच्या प्राध्यापकांना बोलावून तो कोन समजून घेतला. मग वजनाच्या मागे लागले, कारण टोकाशी थोडंसं वजन वाढलं तरी खांदा काही मिनिटांत भरून येतो. तिनं गुलाबी रंग सांगितला होता, तोच दिला. या उपकरणाला कप उचलता येत नाही, चेंडू धरता येत नाही. बो धरता येतो, आणि दुसरं काही त्याच्याकडे कुणी मागितलंही नव्हतं.